शेवट झाकून ठेवा: आढावा-बैठकीत बसणाऱ्या ज्येष्ठांना एका सिस्टरचं खुलं पत्र

आदरणीय विभागप्रमुख आणि आढावा-बैठकीत बसणारे सर्व ज्येष्ठ डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी लेबर रूममधली सिस्टर. कळा सुरू झालेल्या बाईच्या पोटाला बेल्ट बांधायचा, ट्रेस लावायचा (म्हणजे बाळाचे ठोके आणि आईच्या कळा कागदावर उमटवत ठेवायच्या), तो वाचायचा आणि वेळ आली की फोन उचलायचा, यात नोकरीची बहुतेक वर्षं गेली. झालेल्या प्रसूतींचा आढावा घेणाऱ्या बैठकीत मी मागच्या रांगेत असते. तिथे जे तोंडातून निघत नाही ते इथे लिहिते आहे.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. पडद्यावर सीटीजीचा, म्हणजे त्याच ठोके-कळांच्या यंत्राचा, ट्रेस येतो. बाळ रडलं नाही, त्याला अतिदक्षता विभागात हलवावं लागलं, नाळेच्या रक्ताचा पीएच ७.० च्या खाली (म्हणजे रक्त फार आम्ल झालेलं) होता, हे सगळं त्याआधीच दोन वाक्यांत सांगून झालेलं असतं. मग लाल ठिपका ट्रेसवरून फिरत फिरत पहाटे दोन चाळीसवर थांबतो आणि कुणीतरी म्हणतं, "इथे तर स्वच्छ दिसतंय! इथे कुणी काहीच कसं केलं नाही?" त्या रात्री जिची ड्यूटी होती ती मान खाली घालते.

दोन चाळीसला तो कागद तिथेच संपत होता हो. पुढचा यंत्रातून बाहेर आलाच नव्हता. कागद मिनिटाला एक सेंटिमीटर सरकतो. आठ तासांच्या कळांचा ट्रेस म्हणजे जवळजवळ पाच मीटर कागद, आणि तो बैठकीत पाच मिनिटांत उरकतो, तेही शेवट माहीत असताना. आम्हाला तो सेंटिमीटर-सेंटिमीटरने मिळतो. मधे दुसऱ्या बाईचा सलाइन संपतो, तिसरीला उलटी होते, बेल्ट सरकतो आणि रेघ तुटते.

माझी मागणी एकच आहे. बाळाचं पुढे काय झालं ते बैठकीत आधी सांगू नका. ट्रेस संपेपर्यंत शेवट झाकून ठेवा.

ही काही सिस्टर लोकांची हळवी तक्रार नाही. एकच ट्रेस, पण बाळ वाईट अवस्थेत जन्मलं असं कळलं की तोच तज्ज्ञ त्याला जास्त गंभीर ठरवतो, हे अभ्यासांत दिसून आलेलं आहे. आणि शेवट माहीत नसतानाही एकमत फारसं नसतं. पुष्कळदा दाखला दिला जाणारा एक जुना अभ्यास आहे: चार प्रसूतितज्ज्ञांना ५० ट्रेस दिले, तर चौघांचं एकमत फक्त २२ टक्के ट्रेसवर झालं. दोन महिन्यांनी तेच ट्रेस त्यांच्यापुढे पुन्हा ठेवले, तेव्हा २१ टक्के ट्रेसचा अर्थ त्यांनी स्वतःच्याच आधीच्या मतापेक्षा वेगळा लावला. जिथे तज्ज्ञाचं स्वतःशी पटत नाही, तिथे पहाटे दोन चाळीसच्या सिस्टरला "स्वच्छ दिसतंय" म्हणणं जरा जास्तच झालं.

शेवट आधी कळण्याचा दुसरा तोटा याहून मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. शेवट गोड झाला की चुकलेलं वाचनही बरोबर ठरतं. माझंच उदाहरण देते. रुग्णालय कुठलं, याला महत्त्व नाही.

पहिलटकरीण होती. दिवस पूर्ण भरलेले. संध्याकाळी दाखल झाली तेव्हा बाळाची बेसलाइन, म्हणजे ठोक्यांची मिनिटाची मूळ गती, १२० च्या आसपास, रेघ छान खरखरीत, मधूनमधून ॲक्सिलरेशन्स, म्हणजे ठोक्यांच्या छोट्या उड्या. कळा मंद पडल्या म्हणून त्या वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप लावली, ती टप्प्याटप्प्याने वाढवली. रात्री मी ड्यूटीवर आले तेव्हा बेसलाइन १४० होती आणि कळांबरोबर छोटे डिप्स, म्हणजे ठोक्यांच्या तात्पुरत्या घसरणी, येत होते. दोनच्या सुमाराला बेसलाइन १५५. संध्याकाळचा कागद घडी घालून फाइलमध्ये गेलेला, त्यामुळे १२० चा आकडा माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. मी फोन केला, "सर, बेसलाइन १५५ आहे आणि डिप्स येताहेत." पलीकडून विचारलं, "ताप?" "नाही." "मग १५५ नॉर्मल आहे ना सिस्टर? लक्ष ठेवा."

सर चुकीचं बोलले नव्हते. पुस्तकातली चौकट ११० ते १६० ची आहे आणि १५५ त्यात बसतं. चुकीचं मी सांगितलं होतं. मी आकडा सांगितला, चढण सांगितली नाही. संध्याकाळी १२०, आता १५५. आईला ताप नाही, तिची नाडी शांत. ॲक्सिलरेशन्स तीन तासांपूर्वी थांबली. डिप्स आधी उथळ होते, आता रुंद आणि खोल होताहेत. ड्रिप दोनदा वाढवलेली. हे असं सांगितलं असतं तर सर जिने उतरत आले असते. कारण बाळाला प्राणवायू हळूहळू कमी पडायला लागला की साधारण याच क्रमाने गोष्टी घडतात. आधी डिप्स येतात. मग बाळ उगाच होणारी हालचाल थांबवतं, म्हणून ॲक्सिलरेशन्स जातात. मग त्याच्या अंगात ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं वाढतात आणि हृदयाची गती चढते, म्हणजे आहे तेवढा प्राणवायू जास्त फेऱ्या मारून मेंदूला आणि हृदयाला पुरवता यावा. ही झाली तडजोड. तीही पुरी पडेनाशी झाली की रेघेची खरखर कमी होते, आणि अगदी शेवटी गती खाली येते. १५५ वर बाळ तडजोड करत होतं. चौकटीच्या आत राहून.

बाळ चिमटा लावून काढलं. रडायला वेळ लागला, पण रडलं. तीन दिवस नर्सरीत राहून आईबरोबर घरी गेलं. बैठकीत ही केस आली आणि दोन मिनिटांत मिटली. "बेसलाइन नॉर्मल मर्यादेत, वेळेत प्रसूती, बाळ सुखरूप. पुढची केस." मला कुणी काही बोललं नाही, उलट एकांनी शाबासकी दिली. ती शाबासकी मला अजून टोचते. त्या ट्रेसमधून शिकण्यासारखं सगळं फाइलबरोबर कपाटात गेलं.

बाळाला त्याच्या स्वतःच्याच आधीच्या बेसलाइनशी ताडून बघायचं, ही एवढीशी गोष्ट आमच्या प्रशिक्षणात कुठेतरी कोपऱ्यात असते. सायनुसॉइडल पॅटर्नवर मात्र तासभर व्याख्यान होतं. मिनिटाला तीन ते पाच या गतीने येणाऱ्या गुळगुळीत लाटा. बाळाला तीव्र रक्तक्षय असेल तर दिसतात. आणि बाळ अंगठा चोखत असेल तर थोडा वेळ तसाच भास होतो. ऐकायला सुंदर. इतक्या वर्षांत मी खरा सायनुसॉइडल मोजून दोनदा पाहिला. चढती बेसलाइन पाहायला एवढी वाट बघावी लागत नाही.

आता डिप्सविषयी. "डिप्स येताहेत" या वाक्याने आमच्याकडे जेवढी पळापळ होते तेवढी दुसऱ्या कशाने होत नाही, आणि ते वाक्य स्वतः जवळजवळ काहीच सांगत नाही. व्हेरिएबल डिप झपकन पडतो. तळ गाठायला त्याला ३० सेकंदही लागत नाहीत. लेट डिप सावकाश उतरतो आणि त्याचा तळ कळेचं शिखर ओलांडून गेल्यावर येतो. पहिला बहुधा नाळ दाबली गेल्याचा, दुसरा बहुधा वारेतून प्राणवायू कमी पोचत असल्याचा. नाळ दाबली जाते तेव्हा काय होतं ते एकदा नीट समजून घेतलं की भीती निम्मी होते. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर. शिरेची भिंत मऊ, म्हणून ती आधी दबते, बाळाकडे येणारं रक्त घटतं आणि ठोके किंचित चढतात. मग धमन्या दबतात, बाळाचा रक्तदाब एकदम वाढतो, शरीर तो ओळखतं आणि ठोके खाली आणतं. दाब सुटताना हेच उलट्या क्रमाने. म्हणून चांगल्या व्हेरिएबल डिपला दोन्ही बाजूंना खांदे असतात. खांदे शाबूत, डिप संपताच बेसलाइन जागच्या जागी, मधली रेघ खरखरीत: हे बाळ शुद्धीवर आहे आणि आपलं काम चोख करतंय.

मला डिपपेक्षा दोन डिपांमधली रेघ जास्त बोलकी वाटते. ५ ते २५ ठोक्यांच्या पट्ट्यात होणारी ती वरखाली म्हणजे बाळाच्या मज्जासंस्थेतल्या दोन बाजूंची अखंड ओढाताण. एक गती वाढवते, दुसरी आवरते. ही खरखर शिल्लक असेल तर मेंदूला प्राणवायू पोचतोय असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. ती गेली तर मात्र लगेच घाबरायचंही नाही. बाळ झोपतं, आणि त्याची गाढ झोप सहज ४० मिनिटं चालते. आईला वेदना कमी करायला पेथिडिन दिलं असेल, झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल, तरी रेघ सपाट होते. पण झोपलेल्या बाळाची बेसलाइन चढत नाही आणि त्याला खोल लेट डिप्स येत नाहीत. सपाट रेघ आणि वारंवार लेट डिप्स एकत्र आले की वाट पाहण्यात अर्थ नाही. हे पाठ्यपुस्तकात आहेच, पण फोनवर आम्ही ते दोन वेगळ्या वाक्यांत सांगतो आणि तुम्ही ते दोन वेगळ्या वाक्यांत ऐकता.

आणि ट्रेसचा खालचा, कळा उमटतात तो अर्धा भाग? बैठकीत लाल ठिपका तिकडे कधी उतरलेला मी पाहिला नाही. कळ आली की गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्यातून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात, आणि तेवढा वेळ बाळ साठ्यावर भागवतं. साठा पुन्हा भरतो तो दोन कळांच्या मधे. म्हणजे बाळाचा श्वास म्हणायचा तर तो त्या मधल्या जागेत आहे. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा यायला लागल्या की ती जागा आक्रसते. मग डिपला कोणतं नाव द्यायचं यावर वाद घालत बसण्यापेक्षा ड्रिप बंद केलेली बरी. शिवाय बाहेरून बांधलेला बेल्ट कळ कधी आली ते सांगतो, तिचा जोर सांगत नाही. कागदावरचा उंच डोंगर कधी कधी नुसता घट्ट बांधलेला पट्टा असतो. जोर कळायला पोटावर हातच ठेवावा लागतो, आणि त्या हाताची नोंद ट्रेसवर कुठेच उमटत नाही.

ठोके ८० वर येऊन तिथेच बसले तर कुणाला काही शिकवावं लागत नाही. तीन मिनिटांत माणसं जमतात, नाळ बाहेर आली का, वार सुटली का, गर्भाशयावरचा जुना व्रण फाटला का हे बघतात, आणि नाही सुधारलं तर गाडी ऑपरेशन थिएटरकडे निघते. तिथे आपली टीम चांगली आहे. घात होतो तो सावकाश बिघडणाऱ्या ट्रेसमध्ये. आणि एक असा ट्रेस आहे जो बिघडतच नाही.

गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलेलं आहे, बाई जोर करते आहे. बाळाचे ठोके घसरत होते, आणि एकाएकी ट्रेस देखणा होतो. बेसलाइन स्थिर, प्रत्येक जोराबरोबर रेघ वर उडी मारते. सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण जोर करताना बाळाच्या डोक्यावर आणि नाळेवर दाब येतो, त्याचे ठोके खाली यायला हवेत. वर जायचं काही कारण नाही. जोराबरोबर वर जाते ती आईची नाडी, आणि त्या श्रमात ती १३० पर्यंत सहज पोचते. यंत्राने बाळाला सोडून आईला धरलेलं असतं, आणि यंत्राला दोघांतला फरक आपोआप कळत नाही. आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तिची नाडी ट्रेसशी ताडली, की अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. "शेवटपर्यंत ट्रेस उत्तम होता, बाळ अनपेक्षितपणे खराब निघालं" असं वाक्य बैठकीत आलं की मला पहिली शंका हीच येते. पण शेवट आधी सांगितलेला असल्यामुळे चर्चा "अनपेक्षित" या शब्दावर थांबते. शेवट माहीत नसता तर कुणीतरी नक्की विचारलं असतं: ही उडी कुणाची?

यंत्रावर माझा राग नाही, पण त्याच्याकडून आपण नको ती अपेक्षा ठेवली. डब्लिनच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८५ साली आले. सुमारे १३,००० बायका, काहींना सतत ट्रेस आणि काहींचे ठोके ठराविक वेळाने ऐकलेले. ट्रेसवाल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. ही छोटी गोष्ट नाही. पण त्या मुलांना चार वर्षांनी तपासलं तेव्हा सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारं कायमचं अपंगत्व) फरक नव्हता. पुढे असे सगळे प्रयोग, ३७,००० हून जास्त बायका, एकत्र करून पाहिले तरी चित्र तेच राहिलं, फक्त सिझेरियन सुमारे दीडपटीहून जास्त झालेली. १९९६ च्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांच्या ट्रेसवर वारंवार लेट डिप्स किंवा घटलेली व्हेरिएबिलिटी (म्हणजे तीच रेघेची खरखर) होती, त्यांच्यातल्या ९९.८ टक्के बाळांना सेरेब्रल पाल्सी झाली नाही. ट्रेस वाचायला संगणक मदतीला दिला, तोही करून झाला: २०१७ साली ४७,००० च्या आसपास बायकांवरच्या प्रयोगाचे निकाल आले, बाळांच्या परिणामांत फरक पडला नाही. चांगला ट्रेस बाळ चांगलं आहे हे बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. वाईट ट्रेस बाळ वाईट आहे हे सांगत नाही. तो फक्त "उठा, बघा" म्हणतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये निरोगी, आपोआप कळा सुरू झालेल्या बाईला सतत ट्रेस लावू नये असं सांगितलं. पहिल्या टप्प्यात १५ ते ३० मिनिटांनी आणि दुसऱ्यात दर पाच मिनिटांनी ठोके ऐका म्हटलं. त्यासाठी बाईशेजारी माणूस उभं असावं लागतं. आमच्याकडे मशीन जास्त आणि सिस्टर कमी, हा मुद्दा मी मुद्दाम घुसवते आहे, क्षमा असावी.

आता वाईट दिसणाऱ्या इतक्या ट्रेसचा शेवट चांगलाच होत असेल, तर शेवटावरून वाचनाचे गुण कसे द्यायचे? वाचन तपासायचं तर त्या क्षणी हातात काय होतं एवढ्यावरच तपासता येतं.

मनात आहे ते असं. आधी बाईची हकिकत सांगा: किती दिवस भरलेत, पाणी कसं आहे, ताप आहे का, बाळाची वाढ कशी, ड्रिप किती. मग ट्रेस पंधरा-पंधरा मिनिटांनी उघडा आणि प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांना कागदावर लिहू द्या: बेसलाइन किती, मगाशी किती होती, कळा किती, काय करणार. लिहून झाल्यावरच बोलणं, आणि बोलायची सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून. विभागप्रमुख आधी बोलले की खोलीतल्या सगळ्यांची बेसलाइन तीच होते, हे तुम्हीही मान्य कराल. प्रत्येक वाईट केसबरोबर सुखरूप संपलेल्या दोन केस मिसळा, कोणती कोणती ते न सांगता. माझ्यासारखीची ती १५५ वाली रात्र त्यात सापडेल.

आणखी एक, बैठकीबाहेरचं. कळा फार जवळ यायला लागल्या आणि बेसलाइन चढायला लागली तर ड्रिप बंद करायला आम्हाला फोन करावा लागू नये. पुन्हा सुरू करायला लागावा, तो आम्ही करू. आईला कुशीवर वळवायला आम्ही परवानगी मागत नाही, तसंच हे. जाता जाता, ऑक्सिजनच्या मास्ककडे धावायची सवयही सोडायला हवी. आईच्या रक्तात प्राणवायू पुरेसा असेल तर मास्कने बाळाला फायदा दिसत नाही, आणि अलीकडच्या मार्गदर्शक सूचना त्यासाठी मास्क लावू नका असंच म्हणतात. मास्क लावला की काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात ड्रिप चालूच राहते.

पुढच्या बैठकीसाठी मी तीन ट्रेस काढून ठेवले आहेत. नावं आणि नोंदणी क्रमांक खोडले आहेत, तिघींचा शेवट तीन बंद पाकिटांत आहे आणि पाकिटं माझ्याकडेच राहतील. पहिली केस: पहिलटकरीण, ३९ आठवडे, पाणी स्वच्छ, ताप नाही, ड्रिप तासाभरापूर्वी सुरू. पहिली पंधरा मिनिटं सोबत जोडली आहेत. कृपया येताना बेसलाइन लिहून आणा.

आपली नम्र,
लेबर रूममधली एक सिस्टर